फौजेची गाडी माल वाहू लागते तेव्हा

वसंत व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, इतिहास आणि अर्थकारण यांवर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत 'लष्करातून निकालात निघालेल्या मोटारींच्या मालगाड्या कशा बनवितात' हा विषय पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. माझे शाळेतले शिक्षण आठवी नापासापर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते अर्धे गॅरेजात आणि अर्धे सार्वजनिक वाचनालयात झाले. त्यामुळे मी इंजिनिअरच्या अधिकाराने बोलत नाही. पंधराव्या वर्षी अशा एका गाडीवर मी क्लीनर होतो आणि पुढे तीस वर्षे चालक, क्लीनर आणि हमाल यांची संघटना बांधण्यात गेली. या दोन्ही कामांत जे दिसले आणि जे वाचले, तेवढेच आपणांपुढे ठेवतो.

प्रथम या गाड्या आल्या कोठून ते पाहू. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्या वऱ्हाडात माल हलविण्याचे साधन म्हणजे बैलबंडी आणि आगगाडी. कारंज्याहून मूर्तिजापूरकडे जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' कापसासाठीच प्रसिद्ध होती. रेल्वे जेथे नव्हती, तेथून रुळापर्यंत माल बंडीने न्यावा लागे. मोटारट्रक होते, परंतु थोडे. आणि युद्धात पेट्रोल दुर्मीळ झाल्यावर त्यांतले पुष्कळसे कोळशाच्या गॅसवर चालवावे लागत.

त्याच युद्धात दोस्त राष्ट्रांनी मोटारींचा अक्षरशः पूर आणला. एकट्या कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांवर लष्करी वाहने बांधली. अमेरिकेच्या जीएमसी कंपनीचा सहा चाकांवर जोर देणारा अडीचटनी ट्रक पाच लाखांहून अधिक निघाला आणि जीपगाड्या सहा लाखांवर गेल्या. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे यांतल्या पुष्कळ गाड्या हिंदुस्थानात उतरल्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ पासून होता. पेट्यांत भरून आलेले सुटे भाग तेथे जोडून युद्धकाळात लष्करी ट्रक तयार होत. म्हणजे या गाड्यांना पहिला हात लागला तो मुंबईच्या कामगारांचा, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि गाड्या उरल्या. सरकारचे 'डिस्पोजल' खाते युद्धातला उरलेला माल विकू लागले. १९४६ साली झालेल्या समझोत्याने अमेरिकी फौजेचा येथील बराचसा मालही सरकारकडे आला. त्यांतून 'डिस्पोजलची गाडी' हा शब्दच आपल्या भाषेत रूढ झाला. नवे ट्रक परदेशातून आणावयाचे तर परकीय चलनाची अडचण होती. देशी कारखाने नुकतेच उभे राहत होते. टाटांचा जर्मन कंपनीच्या सहकार्याने बनलेला पहिला ट्रक जमशेदपूरला बाहेर पडला तो १९५४ मध्ये, आणि मद्रासकडील अशोक लेलँडचे नाव १९५५ मध्ये आले. मधल्या आठनऊ वर्षांची पोकळी ज्यांनी भरून काढली, त्यांत या डिस्पोजलच्या गाड्यांचा वाटा मोठा होता. कोणी निवृत्त फौजी चालक, कोणी अडत्या, कोणी लोहाराचा मुलगा अशी माणसे एकेक गाडी घेऊन धंद्यात उतरली.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी जीपा लांबवून, मागे दोन समोरासमोर बाके बसवून 'जीपनी' बनली आणि ती त्या देशाची ओळख ठरली. फ्रान्समध्ये जीएमसी ट्रक कित्येक वर्षे जंगलातले ओंडके ओढीत होते. आपल्याकडे केरळच्या डोंगराळ भागातही युद्धातल्या जुन्या लॉऱ्यांनी लाकूड ओढण्याचे काम दीर्घकाळ केले. पुढे आपल्या सैन्याच्या स्वतःच्या गाड्या आल्या. जबलपूरला १९५९ पासून 'शक्तिमान' ट्रक बनू लागला, त्यानंतर 'जोंगा' आली आणि कालांतराने त्याही लिलावात निघू लागल्या. बंगालमधील पानागढचा बाजार अशा गाड्यांसाठी नावाजलेला आहे. अलीकडे सरकारी निकाली मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत संगणकावर होतात. माध्यम बदलले तरी गाडी घरी आणल्यावर पुढे काय करावयाचे, हा प्रश्न १९४६ मध्ये होता तोच आहे.

आता गाडीकडे वळू. फौजेची गाडी आणि व्यापारी गाडी यांतला मूळ भेद ध्यानात आला, म्हणजे पुढचे सारे सोपे होते. फौजेला चिखलातून, नाल्यातून, वाळूतून जावयाचे असते. म्हणून तिची गाडी जमिनीपासून उंच असते, पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो आणि गिअर जड ओढीचे असतात. भार मात्र बेताचा ठेवतात. लष्कराने ज्या ट्रकाला 'अडीचटनी' म्हटले, तो आकडा रस्ता सोडून चालण्यासाठीचा होता. पक्क्या रस्त्यावर त्याहून अधिक भार चाले. ही गोष्ट खरेदीदारांना लवकरच कळली. तथापि 'अधिक' म्हणजे किती, याचा हिशेब पुष्कळांनी इंजिनाच्या ओढीवरून केला. गाडी ओढते ना, मग चढवा आणखी दहा पोती! आजच्या व्याख्यानाचा सारा भर याच चुकीवर आहे. गाडीने किती माल न्यावा हे तिच्या ओढण्यावरून ठरत नाही, तिच्या थांबण्यावरून ठरते.

रूपांतराचे पहिले काम चासीचे, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचे. जुन्या गाडीच्या चासीला तडे जातात ते बहुधा पाट्यांचे कंस जेथे बसविलेले असतात तेथे. गंज खरवडून, रॉकेलने पुसून, उजेडात पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत. मोठा हौदा बसविण्यासाठी चासी लांबवितात. त्यासाठी पट्टी मध्येच सरळ कापून वेल्डिंग केले, तर उष्णतेने त्या जागचे पोलाद कमजोर होते आणि सांध्याच्या कडेलाच पुढे तडा जातो. शहाणा कारागीर सांधा तिरका घेतो, आतून लांब पट्टी देतो आणि छिद्रे पाडावयाची तर चासीच्या उभ्या भागात पाडतो. वरची आणि खालची कड तो शक्यतो अभंग ठेवतो, कारण भाराचा खरा ताण त्या दोन कडांवर असतो. चासी लांबली की मागच्या चाकांना फिरविणारा दांडाही लांबवावा लागतो. लांब एकसंध दांडा वेगात दोरीसारखा थरथरतो. म्हणून त्याचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंगचा आधार देतात.

दुसरे काम चाकांचे. फौजी टायर खोल खाचांचे असते. चिखलात ते उत्तम, परंतु डांबरी रस्त्यावर लवकर झिजते. पुष्कळ फौजी गाड्यांना मागेही एकेकच चाक असते. मालासाठी मागे जोडचाके करणे चांगले, मात्र हब आणि आस त्या भारास योग्य आहेत की नाहीत ते पाहून. येथे एका धोक्याची सूचना दिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. युद्धकाळातल्या अनेक गाड्यांची रिम दोन अर्ध्या भागांची असून ते भाग बोल्टांनी जोडलेले असत. हबला धरणारे नट वेगळे आणि रिमचे दोन भाग धरणारे नट वेगळे. टायरात हवा असताना हे दुसरे नट सैल केले, तर रिम तोफेच्या गोळ्यासारखी उडते. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याने त्या नटांना वेगळा रंग द्यावा आणि आधी हवा पूर्ण काढावी.

तिसरी गोष्ट पुढच्या चाकांच्या जोराची. वळणावर पुढची चाके आणि मागची चाके सारखे अंतर चालत नाहीत. चिखलात चाक थोडे घसरते आणि हा फरक मिटतो. डांबरावर ते घसरत नाही. सारा पीळ दांड्यांत आणि दातांत साठतो. म्हणून पक्क्या रस्त्यावर हा जोर सोडवून ठेवावयाचा असतो. कित्येक मालक पुढचा दांडाच काढून टाकीत, त्यामुळे इंधनही वाचे.

चौथे काम हौद्याचे. फौजेचा हौदा माणसे, पेट्या आणि दारूगोळा यांसाठी केलेला असतो. आपल्याकडे त्याजागी मजबूत लाकडाचा, खाली पाडता येणाऱ्या फाळक्यांचा हौदा बसे. वर ताडपत्रीसाठी कमानी आणि बाजूंना दोरासाठी कड्या लावीत. आपला माल मुख्यतः कापूस. रुईची दाबलेली गाठ सुमारे १७० किलोची असते, तिचा हिशेब मांडता येतो. सुटा कापूस मात्र हलका आणि फुगीर. तो फाळक्यांच्या वर डोंगरासारखा रचला जातो. मुळातच उंच असलेल्या गाडीवर आणखी उंच भार चढला की वळणावर ती कलंडण्यास वेळ लागत नाही. भाराचा मध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे यावा, असा हौदा बसवावयाचा असतो. तो मागे लोंबला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरविण्यास सोपे जाते. नवखा चालक त्याने खूश होतो. वास्तविक चाकांची रस्त्यावरची पकड सुटत चालल्याचे ते लक्षण आहे.

आता इंजिन. फौजेच्या परदेशी गाड्या बहुतेक पेट्रोलच्या होत्या आणि इंधन पिण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. सैन्याला इंधनाचे बिल नसते, मालकाला असते. म्हणून पेट्रोलचे इंजिन उतरवून त्याजागी डिझेलचे बसविण्याची रीत पडली. इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीची सहा सिलिंडरची इंजिने या कामी जगभर वापरली गेली आणि पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिने येथेच बनविली. डिझेल इंजिन जड असते, म्हणून पुढचे पाटे आणि इंजिनाच्या बैठकी तपासाव्या लागतात. ते कमी फेऱ्यांवर काम करते. त्यामुळे फौजी गाडीच्या जड गिअरांशी त्याची जोड झाली की गाडीचा वेग उतरतो. या अडचणी मालकाच्या लगेच ध्यानात येतात, कारण त्या खिशाला लागतात. एक अडचण मात्र तशी ध्यानात येत नाही.

पुष्कळशा जुन्या पेट्रोल ट्रकांत ब्रेक दाबण्यास इंजिनाची मदत घेतलेली असते. पेट्रोल इंजिनाच्या हवेच्या वाटेत एक झडप असते. चालकाने पाय उचलला की ती मिटते, इंजिन मात्र हवा ओढीतच राहते आणि त्या नळीत अर्धवट पोकळी, ज्याला आपण व्हॅक्यूम म्हणतो, निर्माण होते. तेथून एक बारीक नळी ब्रेकच्या डब्याकडे जाते. डब्याच्या एका बाजूस पोकळी आणि दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा. त्या हवेचा दाब चालकाच्या पायाला साथ देतो. डिझेल इंजिनाच्या वाटेत सहसा अशी झडप नसते. तेथे हवा मोकळी शिरते, पोकळी होत नाही आणि ब्रेकला साथ मिळत नाही. म्हणून डिझेल बसविताना पोकळी करणारा वेगळा पंप लावावाच लागतो. तो न लावता जुनी नळी नुसती बंद केली, तरी गाडी सुरू होते, पळते, रिकामी असताना थांबतेसुद्धा. दोष दिसतो तो भरल्या गाडीला, उतारावर.

१९८६ साली मी ज्या गाडीवर क्लीनर होतो ती अशीच होती. लिलावात घेतलेली, डिझेल बसविलेली, मागे दोनदोन जादा पाटे चढविलेली. एका संध्याकाळी मालेगावहून अकोल्याकडे भरल्या गाडीने आम्ही पातूरचा घाट उतरत होतो. चालक आणि आम्ही दोन पोरे. ब्रेकचे पेडल दगडासारखे घट्ट झाले होते. चालकाने सर्वांत खालचा गिअर धरून ठेवला. एका वळणाशी गाडी अगदी मंद झाली, तेव्हा माझा सोबती लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारून धावला. चाकाखाली ठोकळा घालणे हे अशा गाड्यांवर क्लीनरचे कामच समजले जाई. ठोकळा निसटला आणि चाक त्याच्या पायावरून गेले. गाडी पुढे कडेच्या मातीत रुतून थांबली. तो वाचला, पाय मात्र घोट्याच्या वर कापावा लागला. त्याचे वय सतरा होते.

महिन्याभराने दुसऱ्या एका गॅरेजात त्या गाडीचे इंजिन उघडले. तेथल्या मिस्त्रींनी मला बोलावून ब्रेककडे जाणारी नळी दाखविली. तिच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली होती. "हे पाय बाबू," ते म्हणाले, "गाडी पयवाले कोनालेबी येते, थांबवाले अक्कल लागते." मी विचारले, "वस्ताद, पंपाले किती पैसे लागले असते?" त्यांनी उत्तर दिले नाही. गाडीवर चढविलेल्या जादा पाट्यांकडे नुसते बोट केले.

ते बोट मला पुढे समजले. जादा पाटे घातले म्हणजे गाडी खाली बसत नाही, दिसावयास ताठ उभी राहते. परंतु पाट्यांनी ब्रेकचा ड्रम मोठा होत नाही. चालत्या गाडीची शक्ती थांबताना सारी उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. भार दुप्पट केला तर ती दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर चौपट. भार आणि वेग दोन्ही दुप्पट केले, तर त्याच ड्रमाला आठपट उष्णता सोसावी लागते. लायनर तापून गुळगुळीत होते आणि पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही.

आता नुकसानभरपाईचे ऐका. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून अस्तित्वात होता. मालकाने सांगितले की हा मुलगा आमच्या नोकरीत नव्हताच, हौसेने गाडीवर बसला होता. हजेरीपुस्तक नव्हते, पगाराची पावती नव्हती. विम्याच्या बाजूने निराळाच मुद्दा निघाला : नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक एक आणि गाडीत दुसरा. त्या मुलाच्या घरी अखेर काही शेकडे रुपये पोचले, तेही चालकांनी आपसांत वर्गणी करून. मी संघटनेच्या कामात आलो तो कोणाचे भाषण ऐकून नव्हे, त्या वर्गणीचा डबा घेऊन फिरताना.

म्हणून गाडी बदलणे हे केवळ मिस्त्रीचे काम नाही, कागदाचेही आहे. सैन्याच्या गाडीची नोंदणी लष्कराकडे असते. खाजगी मालकाला लिलावाची कागदपत्रे दाखवून परिवहन कार्यालयात ती नव्याने करावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलण्यासारख्या ठरावीक बाबी नियमांत राहून आणि मंजुरीने होतात. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचले. आज कोणी फौजी गाडी घेऊन चासी लांबवू म्हणेल, तर आधी परिवहन कार्यालयाची पायरी चढावी. एवढेच काय, तिचा हिरवट फौजी रंगही ठेवता येत नाही, तो रंग नियमाने संरक्षण खात्यापुरता राखलेला आहे. फौजी गाडीवर काफिल्यासाठी मंद, झाकलेले दिवे असतात आणि मागे डिफरन्शियलच्या पांढऱ्या ठिपक्यावर उजेड टाकणारा एक लहान दिवा. शत्रूपासून लपण्यासाठी केलेली ती सोय रात्रीच्या रस्त्यावर घातक ठरते. तेथे पूर्ण दिवे आणि परावर्तक हवेत.

आणि कागदावर आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे माणूस. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली स्वतंत्र कायदा झाला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी होती. परंतु तो लागू होई पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यास. राज्य सरकारला तो त्याहून लहान धंद्यांवर लावण्याची मुभा होती, हे खरे. तरी एका गाडीचा मालक, एक चालक आणि एक क्लीनर हाच ज्या धंद्याचा नमुना, तेथे कायदा दाराबाहेरच राहिला. २०२० साली संसदेने हा कायदा एका मोठ्या श्रमसंहितेत सामावून घेतला. लहान मालकाच्या गाडीवरचा एकटा क्लीनर हिशेबात कसा आणावयाचा, हा प्रश्न मात्र आमच्यासारख्यांना सोडविणे भाग आहे.

कोणी म्हणेल, डिस्पोजलच्या गाड्या गेल्या, आता ही चर्चा कशाला? आपल्या चौकात उभे राहून कारंजा, मालेगाव आणि मंगरूळपीरकडे जाणाऱ्या गाड्या पाहा. सोयाबीनची पोती भरलेल्या लहान पिकअपला मागे जादा पाटे चढविलेले दिसतील. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. रस्ता उत्तम झाला म्हणजे वेग वाढला. आणि वेगाचा चौपटीचा हिशेब आपण मघाशीच पाहिला. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार असा दंड कायद्यात आला. तथापि दंडाची भीती नाक्यापुरती असते, उताराची सर्वत्र.

गाडीचा धंदा करणाऱ्याला मी दोष देऊन थांबत नाही. कर्ज काढून एक जुनी गाडी घेणारा मनुष्य बहुधा स्वतःच पूर्वी चालक असतो आणि भाडे ठरविताना त्याचा हात दगडाखाली असतो. भाडे पाडून दिले की तो भार वाढवितो, भार वाढला की पाटे वाढवितो आणि पैसे उरत नाहीत म्हणून पंप टाळतो. या साखळीचे पहिले टोक मालधन्याच्या हातात आहे आणि येथे बसलेल्यांत मालधनी पुष्कळ आहेत. कापूस, सोयाबीन, संत्रा आपलाच असतो. पुढल्या हंगामात गाडी दारात उभी राहील तेव्हा भाड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नोंदणीपुस्तकात भार किती लिहिला आहे? ब्रेक शेवटचे कधी उघडले? चालक किती तासांपासून जागा आहे? तिसरा प्रश्न मालकाला न विचारता चालकालाच विचारावा, आणि त्याच्या हातात चहाचा कप देऊन विचारावा, म्हणजे उत्तर खरे मिळते.